तीन कारखाने आणि एक तानाबाई

महेश्वर कलशेट्टी दिल्लीत नेमकं काय करतो, हे सोलापुरात कुणालाच धड सांगता येत नसे. बाळीवेशीतल्या जुन्या शेजाऱ्यांच्या मते तो 'सेंट्रलमध्ये मोठा साहेब' होता. म्हणजे त्याच्या एका फोनवर रेल्वेचं रिझर्वेशन होतं, गॅसची एजन्सी मिळते आणि पोरगं बँकेत चिकटतं. यातलं एकही काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यावरून तो फारच मोठा साहेब असला पाहिजे, असं मानणाराही एक गट गल्लीत होता.

थोरल्या बहिणीला, शिवलीलाला, त्याने एकदा समोर बसवून समजावलं होतं.

"अक्का, असं समज, बाहेरच्या देशातला कुणीतरी आपला माल मुद्दाम पडेल भावात इथं आणून ओततो. आपला कारखानदार मरावा म्हणून. त्याचं सरकार त्याच्या पाठीशी असतं. आपला माणूस आमच्याकडं तक्रार करतो. मग मी आणि माझी माणसं जातो, खरंच नुकसान झालंय का ते बघतो. झालं असेल तर त्या मालावर जादा कर बसवा म्हणून सांगतो."

"आणि त्या देशाला राग आला म्हंजे?"

"येतोच की. मग ते आपले आंबे बंदरात अडवून ठेवतात, नाहीतर आपल्याला लागणारी एखादी वस्तू द्यायचीच बंद करतात. त्याचाही बंदोबस्त आम्हीच करायचा."

शिवलीलाने क्षणभर विचार केला. "म्हंजे गल्लीतली भांडणं. आणि त्यात तुला पुढं घालत्यात? तू तर दरवेळी मार खाऊन घरी यायचास, तम्मा." धाकट्या भावाला ती अजून कानडी वळणाने तम्माच म्हणे.

महेश्वरच्या कार्यालयात दमदाटीला दमदाटी म्हणायची सोय नव्हती. तिथे तिला 'प्रतिकूल व्यापारी उपाय' म्हणत. धमकीला 'चिंता व्यक्त करणे' म्हणत, आणि कुणी उघड गळा दाबला तर 'परिस्थितीवर आमचे लक्ष आहे' असं लिहून खाली सही करत. अशा सह्या करून करून महेश्वरचे केस गेले होते, पोट पुढे आलं होतं आणि स्वभाव मात्र फौजदारासारखा कडक झाला होता. ज्याची तपासणी करायची त्याच्याकडून भेटवस्तू घेऊ नये, असा सरकारी नियम आहे. महेश्वरने तो स्वतःच्या जबाबदारीवर वाढवत वाढवत आधी चहापर्यंत आणि मग पाण्यापर्यंत नेला होता. कुठल्याही कारखान्यात तो स्वतःची पाण्याची बाटली घेऊन शिरे. त्यामुळे देशभरातल्या निम्म्या कारखानदारांत तो 'बाटलीवाले साहेब' म्हणून ओळखला जाई, आणि न भेटलेल्या लोकांचा त्यावरून भलताच समज होई.

असा हा माणूस टॉवेलच्या प्रकरणासाठी सोलापूरला निघाला.

प्रकरण सरळ होतं. दोन वर्षांपासून परदेशातून टर्किश टॉवेल येत होते, आणि सोलापुरात नुसतं सूत ज्या भावात मिळतं त्याहून स्वस्त विकले जात होते. अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांनी एकत्र येऊन तक्रार केली. त्यांचा म्होरक्या रेवणसिद्ध म्हमाणे. देहाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. तक्रार दाखल झाली आणि महिन्याभरात नवीनच गंमत सुरू झाली. कारखान्यांतले नवे माग त्याच देशातून आणलेले होते. प्रत्येक मागाच्या पोटात वहीएवढं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. वीज जरा खालीवर झाली की ते जळतं, आणि नवं कार्ड मिळतं फक्त त्याच कंपनीकडे. त्या कंपनीचा एजंट फोनवर म्हणू लागला, "काही तांत्रिक कारणामुळे सध्या कार्डं नाहीत." आणि लगेच, त्याच दमात, "बरं, त्या तक्रारीचं काय ठरलं?"

एकेक कार्ड जळत गेलं, एकेक माग गप्प होत गेला.

महेश्वरने हे ऐकलं तेव्हा त्याला संताप आला. आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. इतकी स्वच्छ, निर्भेळ दमदाटी त्याच्या टेबलावर कित्येक वर्षांत आली नव्हती. एरवी सगळं धुक्यात असे. इथे तर माल ओतणारा देश तोच, गळा दाबणारा देश तोच, आणि गळा सोलापूरचा. त्याने वरिष्ठांना आधीच सांगून टाकलं, "सर, ते माझं गाव आहे." वरिष्ठांनी विचारलं, "तक्रार करणाऱ्यांत नातेवाईक?" नव्हते. मेव्हण्याचे चार माग होते, ते त्याने केव्हाच भंगारात घातले होते. "कुणाशी जवळची ओळख?" तीही नव्हती. "मग जा. आणि ओळखीचं कुणी निघालं, तर त्याच क्षणी नोंद करायची. समोरच्यांचे वकील टपलेले आहेत."

आता फक्त एवढंच हवं होतं, की बंद पडलेले माग पथकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत, फोटो काढावेत, कशामुळे बंद आहेत ते लिहावं. एवढं झालं की पुढचं सगळं महेश्वर बघून घेणार होता. त्याने रेवणसिद्धला फोनवर बजावलं, "म्हमाणे, जे आहे ते दाखवा. लपवू नका, वाढवू नका."

"साहेब, तुमी या तर खरं," रेवणसिद्ध म्हणाला. "सोलापूरचं नाव हाय. कशात म्हंजे कशात कमी पडू देणार न्हाई."

महेश्वरला तिथेच शंका यायला हवी होती.

बहिणीलाही त्याने फोन केला. "येतोय, पण घरी येणार नाही अक्का. जोवर ही केस माझ्या हातात आहे, तोवर गावात कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. हातातनं सुटली की पहिला घास तुझ्याकडं."

"म्हंजे मी परदेशी व्हय रे?" शिवलीला म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

सकाळी पथकाची गाडी पहिल्या कारखान्याच्या फाटकाशी थांबली, तेव्हा महेश्वरला आपण चुकून कुणाच्या तरी लग्नाला आलो असं वाटलं. फाटकाला झेंडूच्या माळा होत्या. दारात रांगोळी होती. वर एक मोठा फलक होता आणि त्यावर महेश्वरचा फोटो. कुठल्याशा सभेत नेमके डोळे मिटलेले असताना काढलेला. त्यामुळे खालचे 'हार्दिक स्वागत' हे शब्द न वाचता कुणी पाहिलं असतं, तर हात जोडून पुढे गेलं असतं. रेवणसिद्ध फेटा बांधून उभा होता. हातात आणखी दोन फेटे, चादरी आणि नारळ.

"म्हमाणे, हे काय?"

"काय न्हाई साहेब, साधंच हाय."

फेटे, चादरी, नारळ सगळं परत गेलं. चहा परत गेला. शेंगापोळीचं ताट परत गेलं, तेव्हा मात्र रेवणसिद्धचा चेहरा उतरला. महेश्वरच्या सोबत पायल गरड नावाची तरुण अधिकारी होती. तिचे वडील मूळचे वैरागचे, पण ती दिल्लीतच वाढली होती. तिचं मराठी पाठ्यपुस्तकातल्यासारखं होतं आणि बोलणं त्याहून कमी. पथकातले तिसरे एक हिशेबनीस होते. ते ऑफिसात कागद घेऊन बसले, ते दिवसभर कागदांतच राहिले. महेश्वर आणि पायल मागाच्या शेडकडे निघाले. भिंतीला टेकल्याबरोबर पायलच्या कुर्त्यावर हिरवा पट्टा उमटला. रंग ओला होता.

शेडचं दार उघडलं आणि आवाजाचा लोंढा अंगावर आला. महेश्वर जागच्या जागी थिजला.

सगळे माग चालू होते.

एकही बंद नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणे हलत होते, गुलाबी, पिस्ता, आकाशी टॉवेल भराभर खाली उतरत होते, निळे एप्रन घातलेले कामगार मागामागांतून लगबगीने फिरत होते. महेश्वरने रेवणसिद्धच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "बंद माग कुठं आहेत?"

"बंद?" रेवणसिद्ध छाती काढून ओरडला. "सिद्धरामेश्वराच्या कृपेने सगळे चालू हायत साहेब! बघा की!"

पायल फोटो काढत होती. प्रत्येक फोटो म्हणजे समोरच्या देशाच्या वकिलाला घरपोच भेट होती. महेश्वर मागांच्या रांगेतून भराभर पुढे गेला. आणि तेवढ्यात शेवटच्या मागाजवळ टॉवेल कापून घड्या घालणारी एक म्हातारी त्याला दिसली. तानाबाई!

तानाबाई त्याच्या वडिलांबरोबर जुन्या गिरणीत कामाला होती. वडील, बसलिंगप्पा, आजारी पडले की त्यांचा पगार आणून देणारी तानाबाई, दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी लहानग्या महेशच्या हातावर ठेवणारी तानाबाई, त्याचं नाक पदराने जोरात, साल निघेल इतकं जोरात पुसणारी तानाबाई. गिरणी बंद पडली, माणसं पांगली; त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनेही त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर हसू फुटणार, एवढ्यात तिने रेवणसिद्धकडे पाहिलं, आणि छताला काहीतरी अतिमहत्त्वाचं लटकत असावं तशी वर बघत राहिली. ओळख दाखवू नका, असं तिला पढवलेलं असावं.

ओळखीचं कुणी निघालं, तर त्याच क्षणी नोंद करायची. महेश्वरचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि परत आला. घड्या घालणारी एक म्हातारी. तिचा या सगळ्याशी काय संबंध? संध्याकाळी बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या कारखान्याकडे निघायच्या आधी रेवणसिद्धने त्यांना केबिनमध्ये बसवून सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास ऐकवला. तो फार जुन्या काळापासून सुरू झाला आणि फार हळू पुढे सरकला. दर थोड्या वेळाने रेवणसिद्ध मोबाइल बघे आणि इतिहास आणखी एखाद्या पेठेत शिरे. शेवटी मोबाइलवर काहीतरी आलं आणि त्याने शंभर वर्षं एका वाक्यात ओलांडली. "तर असं हाय साहेब. चला."

दुसरा कारखाना रेवणसिद्धच्या चुलतभावाचा. तिथेही माळा, तिथेही सगळे माग चालू. फक्त एप्रन पिवळे होते. शेवटच्या मागाजवळ पिवळ्या एप्रनमध्ये तानाबाई छताकडे बघत उभी होती.

या वेळी महेश्वरने मागांकडे नीट पाहिलं. कार्डाच्या पेट्यांची झाकणं नुसती टेकवलेली होती. स्क्रू लावायलाही कुणाला सवड झाली नव्हती. मागांवरची पोरंही तीच होती, एकाच्या हाताला सकाळी होती तीच पट्टी आत्ता होती. सगळ्या एमआयडीसीत जेवढी धड कार्डं उरली होती, तेवढी गोळा करून एका कारखान्यातून दुसऱ्यात फिरवली जात होती. कार्डं, कामगार आणि तानाबाई, सगळा संसार.

तिसऱ्या कारखान्याकडे जाताना रेल्वेचं फाटक लागलं. गाडी थांबली. पुढे एक उघडा टेम्पो होता आणि त्यात माणसं दाटीवाटीने उभी होती. मधे टॉवेलांत गुंडाळलेले स्टीलचे डबे होते. ते इतक्या हळुवारपणे धरले होते, की त्यात एकतर कार्डं असावीत नाहीतर तान्ही मुलं. आणि कडेला, एका हाताने टेम्पोचा दांडा धरून, तानाबाई डोक्यावरून पिवळा एप्रन काढत होती आणि लाल एप्रन चढवत होती. लाल एप्रनची नाडी काही केल्या तिला सापडत नव्हती.

महेश्वरने चोरून शेजारी पाहिलं. पायल मान खाली घालून मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. तिने पाहिलेलं दिसत नव्हतं.

आत्ता बोलायला हवं होतं. एकच वाक्य: पायल, समोर बघ. पण ते वाक्य बोललं की सगळं संपत होतं. पथकाला फसवलं अशी नोंद झाली की तक्रार करणाऱ्यांच्या एकाही शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. आणि न बोलावं, तर माग चालू आहेत, नुकसान काहीच नाही, हेच कागदावर जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तरी महेश्वरच्या मनाने मधली एक गल्ली शोधली: तिसऱ्या कारखान्यात कुठेतरी एखादा खरा बंद माग सापडेल, त्याचा फोटो निघेल, आणि बाकीचं कसंतरी निभावून नेता येईल. दुसऱ्यांची लबाडी पकडण्यात उभी नोकरी घालवलेला माणूस फाटक उघडेपर्यंत गप्प बसला. फाटक उघडल्यावरही गप्पच राहिला.

तिसऱ्या कारखान्यात तो सरळ शेडच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि रेवणसिद्धला हाताने खूण केली, की मला काहीतरी विचारायचं आहे. रेवणसिद्धला वाटलं, साहेबांना आवाजाचा त्रास होतोय. त्याने लगेच बटण दाबायला लावलं. सगळे माग एकदम थांबले, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत, मागांच्या आवाजावर मात करायच्या बेताने काढलेला तानाबाईचा आवाज पत्र्यापर्यंत घुमला.

"आरं म्हेश, किती येळा भेटायचं रं तुला सकाळधरनं? गुडघं गेलं माझं त्या टेंपोत चढून चढून!"

 लाल एप्रनमधल्या पोरांनी जमिनीकडे पाहिलं. रेवणसिद्धने फेटा काढला.

"माजी काय चूक न्हाई मालक," तानाबाई म्हणाली. "तुमी माग बंद कराल ह्ये मला काय म्हाईत? माझ्या मनातल्या मनात चाललं हुतं."

केबिनमध्ये रेवणसिद्ध बराच वेळ खुर्चीत न बसता उभा राहिला.

"का केलंत हे?" महेश्वरने विचारलं. आवाज चढवायचा त्याने प्रयत्न केला, पण तो चढला नाही.

"साहेब, आमच्या बापाच्या काळापासनं साहेब येत्यात. कामगारवाले येत्यात, प्रदूषणवाले, विजेचे. साहेब येणार म्हटलं की झाडायचं, रंग लावायचा, माणसं उभी करायची, सगळं झकास हाय म्हणून दाखवायचं. न्हाई दाखवलं तर टाळं लागतंय. हेच शिकलो की आमी. आजवर कुणी साहेब म्हटला न्हाई, तुमचं वाईट किती झालंय ते बघायला आलोय."

"मी म्हणालो होतो. फोनवर म्हणालो होतो."

"म्हणाला हुता. आमाला वाटलं, साहेब लोक तसं म्हणत्यात." तो घुटमळला. "आणि खरं सांगू का? आधी ठरलं हुतं बंद दाखवायचं. काल संध्याकाळी शेडमधी जाऊन उभा राहिलो. एक बी माग हलंना. आणि मनात आलं, गावातला माणूस दिल्लीहनं मोठा होऊन येतोय, आणि त्येला हे दाखवायचं? चुलतभाऊ म्हटला, माझ्या पोरीची सोयरीक चाललीया, बंद कारखान्याचे फोटो फिरले तर पाहुणे माघारी जातील. मग म्हटलं, एक दिवस तरी सगळे माग चालू करू या. लई दिवसांनी आवाज आला साहेब. तुमी यायच्या आधी आमी तासभर नुसतं ऐकत बसलो हुतो."

महेश्वरला रागवायचं होतं. तो म्हणाला, "मी मयताला आलो होतो, म्हमाणे. तुम्ही वरात दाखवलीत."

रेवणसिद्धने मान हलवली. त्याला ते पटलं होतं, आणि पटून आता काही उपयोग नव्हता.

गाडीत बसल्यावर महेश्वरने पायलला सांगितलं, "ती बाई माझ्या वडिलांबरोबर कामाला होती. मी तिला पहिल्या कारखान्यातच ओळखलं. रेल्वेच्या फाटकाशी टेम्पोही पाहिला."

"मीही पाहिला, सर."

"फाटकाशी?"

"हो. पण त्याआधीच, दुसऱ्या कारखान्यात त्या बाई दिसल्या तेव्हाच लक्षात आलं होतं." पायल समोर बघत म्हणाली. "फाटकाशी मी तेच लिहीत होते. तुम्ही स्वतःहून सांगाल असं वाटलं, म्हणून मी थांबले."

तिचा स्वर अजिबात टोचणारा नव्हता. टोचणारा असता तर महेश्वरला सोपं गेलं असतं. ज्या मुलीला चहासुद्धा घ्यायचा नाही हे त्याने शिकवलं होतं, ती दोन कारखाने त्याची वाट बघत होती.

सरकारी विश्रामगृहावर पोचताच, हातपाय न धुता, त्याने वरिष्ठांना फोन लावला. सगळं सांगितलं, टेम्पो, एप्रन, तानाबाई, आणि स्वतःचं गप्प बसणंही. 

"कलशेट्टी, हे कागदावर आलं की ते लोक विचारणार. जे लोक बंद माग चालू करून दाखवतात, ते चालू माग बंद करूनही दाखवतील, खरं काय मानायचं?"

"हो सर. पण आलं पाहिजे."

"आणि तुम्ही बाजूला झालं पाहिजे."

"हो सर."

"उद्या गरड मॅडम जातील. न सांगता. तुम्ही त्या रस्त्यालाही जायचं नाही. त्यांच्याशी या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही."

या प्रकरणाचं काय करायचं हे महेश्वरने दिल्लीहून निघताना मनात पक्कं जुळवलं होतं. सुनावणीत कुठलं वाक्य कुठे टाकायचं, तेही ठरलं होतं. 'कार्ड नाही आणि तक्रारीचं काय ठरलं, ही दोन वाक्यं एका दमात आली' असं म्हणून तो जरा थांबणार होता. ते वाक्य आता दुसरं कुणीतरी म्हणेल, किंवा कुणीच म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायल एकटीच गाडीत बसून गेली. तिने जाताना नमस्कार केला आणि दुसरं काही बोलली नाही. महेश्वर विश्रामगृहाच्या आवारात दोनचार फेऱ्या मारून आला. पाण्याची बाटली भरून घेतली. मग ती कशाला भरली हे न कळून टेबलावर ठेवून दिली, आणि रिक्षा करून बाळीवेशीत गेला.

शिवलीलाने दार उघडलं. आधी तिचा चेहरा एकदम उजळला. "आलास? मला वाटलंच, किती दिवस राहील..." आणि मग ती बोलता बोलता थांबली. फोनवर तो काय म्हणाला होता ते तिला आठवलं असावं. "तम्मा, केस हातातनं गेली व्हय रे?"

"गेली."

"सुटली का काढून घेतली?"

"अक्का, वाढ की."

तिने ताट मांडलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, तेल, कांदा, आणि त्याला आवडते म्हणून केलेली हुग्गी, गव्हाची खीर. म्हणजे तो येणार नाही म्हणाला होता तरी गहू कालच भिजत घातले होते. ती समोर बसून ताटावरची नसलेली माशी हाकत राहिली. बाहेरून शेजारच्या एका बाईने डोकावून पाहिलं, "साहेब जेवायला आलं?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लगबगीने निघून गेली. दुपारपर्यंत ही बातमी एमआयडीसीत पोचणार होती. बाटलीवाले साहेब बहिणीकडे जेवले, याचा अर्थ तिथे प्रत्येकाला कळणार होता.

महेश्वरने भाकरीचा तुकडा मोडला. त्या कडक भाकरीचा आवाज केवढा तरी मोठा झाला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पायल.

"सर, मला तुम्हाला कामाचं काही सांगता येणार नाही," ती घाईने म्हणाली. "फक्त एक विचारायचं होतं. तानाबाईंनी डबा उघडलाय. अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवलीय आणि खाल्ल्याशिवाय सोडत नाहीयेत. काय करू?"

महेश्वरने आपल्या ताटाकडे पाहिलं. "परत दे. वाईट वाटेल त्यांना. तरी परत दे."

"बरं, सर."

फोन ठेवायच्या आधी मागून तानाबाईचा आवाज आला. "कुणाशी बोलतीस गं, म्हेशाशी? त्येला म्हणावं, काल चुकून बोलले. आज बघ, एक शबुद बोलले न्हाई." ती ओरडत नव्हती. साध्या, दमलेल्या आवाजात बोलत होती, आणि तिचा शब्द न् शब्द इकडे ऐकू येत होता. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. कुणीतरी दूरवर खोकलं. चिमण्याही ऐकू आल्या.

शेडमध्ये चिमण्या ऐकू येत होत्या. म्हणजे एकही माग चालू नव्हता.

पलीकडून फोन बंद झाला. महेश्वरने तो तसाच कानाला धरून ठेवला.

"काय झालं?" शिवलीलाने विचारलं.

"काही नाही. खरं दाखवतायत."

"मग चांगलं झालं की."

"व्हय," महेश्वर म्हणाला. "कालच दाखवलं असतं तर."

शिवलीलाने हुग्गीवर तूप सोडलं आणि वाटी त्याच्याकडे सरकवली. त्याने हातातला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.